परदेशातल्या मोफत दुभंग-ओठ शस्त्रक्रिया मोहिमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिपिन्स, व्हिएतनाम, मादागास्कर, इथिओपिया अशा देशांत स्वयंसेवी वैद्यकीय पथकं जातात आणि दुभंगलेल्या ओठाच्या, टाळूच्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करतात. सोबत जाऊ इच्छिणारे डॉक्टर, नर्स आणि विद्यार्थी, तसंच पैसे देऊ इच्छिणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. उदाहरणं जास्त करून फिलिपिन्सची आहेत, कारण या कामाचा एक मोठा धागा तिथूनच निघाला.

एका मोहिमेत नेमकं काय होतं? किती दिवस लागतात?

साधारण आठ ते दहा दिवस. पहिले दोन दिवस खोकी उघडण्यात आणि मुलं तपासण्यात जातात, मग चार-पाच दिवस शस्त्रक्रिया. शेवटचा दिवस वॉर्डातली मुलं पुन्हा बघण्याचा आणि सामान बांधण्याचा. चार-पाच टेबलं चालू असतील तर एका टेबलावर दिवसाला चार ते सहा मुलं होतात, म्हणजे आठवड्यात शंभर-सव्वाशे. एका बाजूचा ओठ पाऊण ते दीड तासात होतो, टाळूला दीड-दोन तास लागतात.

मोठ्या पथकात चाळीस ते साठ माणसं असतात. त्यात सर्जन मोजकेच. बाकीचे भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रिकव्हरी आणि वॉर्डच्या नर्स, दंतवैद्य, स्पीच थेरपिस्ट, यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ आणि केसपेपर लिहिणारे. फोटोत सर्जन दिसतो. पण रात्री दोन वाजता झोपलेलं मूल सारखे घोट गिळतंय, म्हणजे टाळूतून रक्त येतंय, हे ओळखते ती वॉर्डातली नर्स.

हे सगळं सुरू कुठून झालं?

१९६९ मध्ये स्टॅनफर्डचे प्लास्टिक सर्जन डोनाल्ड लॉब यांनी ‘इंटरप्लास्ट’ सुरू केली. आज तिचं नाव ‘रिसर्ज इंटरनॅशनल’ आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतले डॉ. बिल मॅगी आणि त्यांच्या पत्नी कॅथी एका पथकाबरोबर फिलिपिन्सच्या नागा शहरात गेले. जेवढ्यांवर शस्त्रक्रिया करणं शक्य होतं त्याच्या कितीतरी पट कुटुंबं दारात उभी होती आणि बहुतेकांना परत पाठवावं लागलं. ‘ऑपरेशन स्माइल’ त्यातून उभी राहिली. १९९९ ची ‘स्माइल ट्रेन’ मुद्दाम वेगळ्या वाटेनं गेली : पथकं पाठवायची नाहीत, त्या-त्या देशातल्या सर्जनना प्रशिक्षण आणि पैसा द्यायचा.

आज ओठ शिवण्याची जी पद्धत सर्वांत जास्त वापरात आहे, ती राल्फ मिलार्ड यांना कोरियात अमेरिकन मरीन दलाबरोबर असताना सुचली आणि त्यांनी ती १९५५ मध्ये मांडली. दुभंगाच्या एका कडेचा भाग खाली फिरवायचा, दुसऱ्या कडेचा पुढे सरकवायचा, म्हणजे टाक्यांची रेघ ओठावरच्या नैसर्गिक उंचवट्यात लपते.

आलेल्या प्रत्येक मुलावर शस्त्रक्रिया होते का?

नाही. हे तपासणीच्या दिवशी सकाळीच, रांग लागायच्या आत, स्पष्ट सांगावं लागतं.

तपासणीत मूल एकामागून एक टेबलांवरून जातं : नाव आणि फोटो, वजन, ताप, हिमोग्लोबिन, मग बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, सर्जन, दंतवैद्य. यातल्या भूलतज्ज्ञानं किंवा बालरोगतज्ज्ञानं ‘नको’ म्हटलं की विषय संपला. तिथे सर्जनचं मत चालत नाही, चालूही नये.

मूल परत जातं ते बहुतेक वेळा अगदी साध्या कारणानं : सर्दी-खोकला. श्वासमार्ग सुजलेला असला की भूल देताना किंवा श्वासाची नळी काढताना स्वरयंत्र गच्च आवळतं, ऑक्सिजन आत जात नाही. लहान बाळाला काळं-निळं पडायला मिनिटभरही लागत नाही. सर्दी गेल्यावरही दोन ते चार आठवडे हा धोका राहतो, आणि मोहीम तर आठवड्यात संपते. दुसरी कारणं रक्त कमी असणं आणि वजन न भरणं. हृदयात मर्मर (ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकू आली, किंवा हनुवटी अगदी लहान आणि जीभ मागे पडते आहे असं दिसलं, तर ते मूल शिबिराचं नाही. त्याला बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय हवं.

पालक खोकला लपवतात. बोट, मग बस, मग जीप असं करत दोन दिवसांनी पोचलेल्या आईनं तो लपवला तर त्यात नवल काय? म्हणून जाणते लोक ‘खोकला आहे का?’ असं विचारत नाहीत. ‘रात्री बाळ झोपलं का? कितीदा उठलं?’ असं विचारतात, आणि मग स्टेथोस्कोप लावतात.

परत पाठवलेल्या मुलाचं काय करता, यावरून संस्थेची पारख करावी. लोहाचं औषध, जंताचं औषध, दूध कसं पाजायचं हे आईला करून दाखवणं, आणि स्थानिक रुग्णालयाच्या यादीत नाव व तारीख : एवढं हातात देऊन पाठवलं तर ते मूल पुढच्या वेळी टेबलावर येतं. नुसतं ‘पुढच्या वर्षी या’ म्हटलेलं सहसा येत नाही.

‘दहाचा नियम’ म्हणजे काय?

वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठीचा हा जुना किमान नियम. काही जण चौथा दहा जोडतात : पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आत. शिबिरात मात्र बरीच पथकं आणखी थांबतात आणि सहा महिन्यांच्या पुढचीच बाळं घेतात.

हा हट्ट का, ते हिशोबानं कळेल. बाळाच्या शरीरात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. पाच किलोच्या बाळात ४०० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार लहान कप. त्यातलं ४० मिलिलिटर गेलं की दहावा हिस्सा गेला. म्हणून रक्तानं भिजलेले गॉजचे तुकडे फेकून न देता वजनकाट्यावर ठेवतात. कोरड्या गॉजचं वजन वजा केलं की एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर रक्त. औषधांचंही तसंच. जागा बधिर करणाऱ्या, अॅड्रिनॅलिन मिसळलेल्या लिग्नोकेनची मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम. पाच किलोला ३५. एक टक्क्याच्या द्रावणाचे साडेतीन मिलिलिटर झाले की संपलं, आणि दोन टक्क्यांची बाटली चुकून हातात आली तर पावणेदोन मिलिलिटरलाच ही मर्यादा गाठली जाते. अशी गफलत होऊ नये म्हणून एका शिबिरात एकाच तीव्रतेची बाटली ठेवणं सगळ्यांत सोपं.

बाळाचं वजनच वाढत नाही. तोवर पाजायचं कसं?

टाळू उघडी असलेल्या बाळाला तोंडात पोकळी धरून दूध ओढता येत नाही. ते तासभर चोखतं, थकून झोपतं, आणि पोटात गेलेलं असतं दोन चमचे. आईला वाटतं, बाळ पीत होतं. (फक्त ओठ दुभंगलेलं बाळ बहुधा अंगावर नीट पितं, स्तनानंच ती फट बुजते.)

अंगावरचं दूध काढून वाटी-चमच्यानं किंवा आपल्याकडच्या बोंडल्यासारख्या चोचीच्या भांड्यानं द्यावं, नाहीतर दाबता येणाऱ्या मऊ बाटलीनं. बाळ आडवं नको, जवळजवळ बसतं हवं, म्हणजे दूध नाकात कमी येतं. थोडं-थोडं द्यावं आणि मध्ये-मध्ये ढेकर काढावी. हवा खूप गिळली जाते. एक पाजणं अर्ध्या तासात संपवावं, त्याहून लांबलं तर प्यालेल्या दुधापेक्षा दमणूकच जास्त. नाकातून दूध आलं म्हणून घाबरून पाजणं थांबवू नये. आणि दुधात पाणी घालू नये. शिबिरात वजनाअभावी परत जाणाऱ्या बाळांच्या कहाणीत हे पाणी हमखास सापडतं.

ओठ आणि टाळू एकदमच का करत नाहीत?

ओठ तीन ते सहा महिन्यांत, टाळू नऊ ते अठरा महिन्यांत, म्हणजे बोलणं पक्कं व्हायच्या आत. हिरडीतली फट कमरेच्या हाडाचा चुरा भरून सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान, कायमचा सुळा उतरायच्या आधी. एकत्र केलं तर भुलीचा वेळ लांबतो, रक्त जास्त जातं, आणि ओठ-जीभ-घसा एकदम सुजले तर श्वासाला वाटच राहत नाही.

अडचण अशी की ओठ सगळ्यांना दिसतो, टाळू तोंड उघडल्याशिवाय दिसत नाही. ओठ झाला की आईवडिलांना वाटतं काम झालं. देणगीदारालाही ‘आधी-नंतर’चा फोटो मिळालेला असतो. टाळूला परत न येणारी मुलं ही या मोहिमांची सर्वांत मोठी गळती आहे. त्यामुळे कुठल्याही संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा : तुमच्याकडे ओठ झालेल्या मुलांपैकी टाळूला किती परत आली? ‘आजवर एकूण किती शस्त्रक्रिया’ या आकड्यातून काही कळत नाही.

सर्वांत जास्त धोका कशात असतो?

चाकूत नाही, श्वासमार्गात. सर्जनचं काम आणि भूलतज्ज्ञाची नळी एकाच तोंडात असते. डोकं थोडं हललं, तोंड उघडं ठेवणारी चौकट लावली, की नळी दुमडते किंवा सरकते. म्हणून प्रत्येक टेबलाला स्वतंत्र भूलतज्ज्ञ, पल्स ऑक्सिमीटर आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र हवंच. दोन टेबलांना मिळून एक भूलतज्ज्ञ असं कुठे दिसलं तर तिथे काम करू नये.

रक्त खाली उतरू नये म्हणून घशात गॉजचा बोळा ठेवतात. तो विसरला तर नळी काढल्याबरोबर मूल गुदमरतं. त्याची एक शेपटी तोंडाबाहेर ठेवतात, फळ्यावर ‘बोळा आत’ लिहितात आणि काढल्यावर मोठ्यानं सांगून पुसतात. टाळूच्या चौकटीनं जीभ दाबली जाते. ती चौकट अधूनमधून सैल केली नाही तर जीभ सुजते आणि त्रास रिकव्हरीत सुरू होतो. पहिली रात्र म्हणूनच जागती काढायची असते. शस्त्रक्रियेचा शेवटचा दिवस अर्धाच ठेवतात आणि त्या दिवशी टाळू घेत नाहीत. संध्याकाळचं विमान आणि दुपारी केलेली टाळू, हे गणित कधी जमत नाही.

उपाशी किती वेळ ठेवायचं?

साधं पाणी दोन तास, आईचं दूध चार तास, वरचं दूध आणि खाणं सहा तास. सगळ्यांना सरसकट मध्यरात्रीपासून उपाशी ठेवणं चूक. दुपारी तीनचा नंबर असलेलं बाळ त्या उकाड्यात कोरडं पडतं, शीर सापडत नाही. यादीत सर्वांत लहान बाळ पहिलं घ्यायचं. आणि हो, वॉर्डात प्रेमानं गोळ्या-बिस्किटं वाटणारा नवा स्वयंसेवक एका सकाळीत दोन शस्त्रक्रिया सहज रद्द करवू शकतो.

यंत्रांचं काय बिघडतं?

फिलिपिन्समध्ये सॉकेट अमेरिकन, चपट्या दोन पट्ट्यांचं; पण त्यातून येते २२० व्होल्टची वीज. अमेरिकेतून नेलेलं ११० व्होल्टचं सक्शन मशिन (तोंडातलं रक्त-लाळ ओढून घेणारं यंत्र) त्यात अलगद बसतं, कुठलाही अॅडॉप्टर लागत नाही, आणि क्षणात जळतं. भारतातून नेलेलं यंत्र व्होल्टेजला चालतं, पण आपली गोल पिन बसत नाही. शिवाय तिथे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. प्रत्येक यंत्राच्या मागची पट्टी वाचून त्यावर रंगीत चिकटपट्टी लावणं हे तंत्रज्ञाचं पहिल्या दिवसाचं काम.

ऑक्सिजनचं नळकांडं रंगावरून ओळखू नका. भारतात काळं आणि वर पांढरा खांदा, अमेरिकेत हिरवं. लेबल वाचा. लहान ‘ई’ सिलिंडरमध्ये सुमारे ६६० लिटर असतात. मिनिटाला १० लिटरनं तो तासाभरात रिकामा. वीज गेली तर जनरेटर चालू होईपर्यंत बॅटरीचा हेडलाइट आणि पायानं चालणारं सक्शन हाताशी हवं. सक्सामेथोनियमसारखी (भूल देताना स्नायू सैल करणारी) औषधं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. वॉर्डातला फ्रिज रात्री कोण बंद करतं, हे आधी विचारून घ्या. जून ते नोव्हेंबर तिथे वादळांचा हंगाम, तेव्हा बोटी बंद पडतात आणि अर्धी यादी बेटांवरच अडकते.

मी डॉक्टर नाही. मला जाता येईल का?

येतं. केसपेपर, फोटो, भांडार, दुभाष्यांची जुळवाजुळव, वाट पाहणाऱ्या मुलांशी खेळणं, दात घासायला शिकवणं. भूल देण्याआधी मास्क खेळण्याला लावून दाखवला की मूल कमी रडतं, आणि कमी रडलेल्या मुलाची भूल सुरळीत जाते. ऑपरेशन थिएटरात ‘बघायला’ जायचा हट्ट मात्र धरू नका. वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही तेच लागू : जे तुम्हाला नागपुरात किंवा न्यू जर्सीत करू देणार नाहीत, ते मनीलातही करायचं नाही. गरीब मूल हे सरावाचं साहित्य नव्हे.

डॉक्टर-नर्सना कोणती कागदपत्रं लागतात?

फिलिपिन्समध्ये परदेशी डॉक्टरला तिथल्या प्रोफेशनल रेग्युलेशन कमिशनचा विशेष तात्पुरता परवाना लागतो आणि मोहिमेला आरोग्य खात्याची मान्यता. पदवी, नोंदणी, आणि आपल्या कौन्सिलचं ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि कारवाई नाही याचा दाखला (महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून) काही महिने आधीच तयार ठेवा. बालकांच्या पुनरुज्जीवनाचं, म्हणजे मुलाचा बंद पडलेला श्वास-हृदय पुन्हा चालू करण्याच्या प्रशिक्षणाचं, चालू प्रमाणपत्र चांगल्या संस्था मागतातच.

हिपॅटायटिस बी लशीचा कोर्स ०, १ आणि ६ महिन्यांचा आहे. तिकिटाच्या आधी तो सुरू करा. इथिओपिया किंवा घानासारख्या देशातून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला दाखवावा लागतो. तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते.

औषधं बॅगेत टाकून नेऊ नका. केटामिन, फेंटॅनिल, मिडाझोलॅम या भुलीच्या आणि गुंगीच्या औषधांसाठी त्या देशाची परवानगी लागते; ती स्थानिक रुग्णालयामार्फत घेतलेली बरी. दान म्हणून न्यायची औषधं पोचताना त्यांची मुदत किमान वर्षभर शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. मुदत संपत आलेला माल देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं.

संमती कोण देतं?

आई किंवा वडील, त्यांच्याच भाषेत समजावल्यावर. नागाकडच्या माणसाला टागालोग कळत असली तरी तो घरी बिकोल बोलतो, म्हणून दुभाषी तिथलाच हवा. फिलिपिन्समधले खूप आईबाप परदेशी नोकरीला असतात आणि बाळाला आजी घेऊन येते. आजीची सही कायद्यानं पुरेशी नसेल तर पालकत्वाचा कागद आधी मागवावा लागतो. तपासणीच्या दिवशी हे कळलं तर उशीर झालेला असतो. फोटोची संमती वेगळ्या कागदावर. ती नाकारल्यानं शस्त्रक्रिया अडणार नाही, हे मोठ्यानं सांगायचं.

घरी गेल्यावर काय जपायचं?

ओठ शिवल्यावर लगेच अंगावर पाजायला बहुतेक सर्जन हरकत घेत नाहीत. टाळूनंतर दोन-तीन आठवडे पातळ-मऊच : फिलिपिन्समध्ये तांदळाची पेज, तिचं तिथलं नाव ‘लुगाव’. भाकरीच्या कडा, चिप्स, स्ट्रॉ, चमचा खोल घालणं, सगळं बंद. प्रत्येक खाण्यानंतर दोन घोट पाणी. बोट तोंडात जाऊ नये म्हणून कोपराला पुठ्ठ्याची पट्टी बांधतात. ती दिवसातून काही वेळा सोडून हात हलवू द्यावा. जी कुटुंबं टाके काढायला परत येऊ शकत नाहीत, त्यांना विरघळणारेच टाके घालावेत.

ताजं लाल रक्त, ताप, किंवा पाणीही न पिणं : यातलं काही झालं तर लगेच दवाखान्यात. कुठल्या दवाखान्यात, त्याचं नाव कागदावर लिहिलेलं हवं. पथक तोवर निघून गेलेलं असतं.

शस्त्रक्रियेनंतर बोलणं आपोआप सुधारतं का?

काहींचं सुधारतं. उशिरा टाळू झालेल्यांचं आपोआप नाही. मुलाला ‘बाबा’ म्हणायला सांगा. टाळू नीट बंद होत नसेल तर हवा नाकातून निसटते आणि ‘मामा’ ऐकू येतं. नाकाखाली छोटा आरसा धरून ‘पपई, पपई’ म्हणवून घ्या. आरशावर वाफ धरली तर गळती आहे. व्यायाम म्हणून फुगे फुगवायला लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याचा बोलण्याला उपयोग होत नाही. उच्चार आधी पाठीमागे घशातून काढायची सवय लागलेली असते, ती मोडायला महिनोन्महिने स्पीच थेरपी लागते आणि ती मुलाच्याच भाषेत व्हायला हवी. आठवड्याच्या पथकाला हे जमणार नाही. त्यानं एक स्थानिक शिक्षिका किंवा नर्स शिकवून तयार केली, तर जमू शकतं.

हे ग्रहणामुळे होतं का?

नाही. गरोदरपणी ग्रहणात सुरी-कात्री हातात घेतली म्हणून ओठ कापला गेला, असं आपल्याकडे म्हणतात. गंमत म्हणजे मेक्सिकोतही ग्रहणालाच दोष देतात आणि गरोदर बाई कपड्याला सेफ्टी पिन लावते. प्रत्यक्षात ओठ आणि टाळूचे भाग गर्भाच्या चौथ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान जुळतात. आनुवंशिकता, धूम्रपान, अपस्माराची काही औषधं अशी अनेक कारणं एकत्र येतात. जगभरात सुमारे ७०० जन्मांमागे एक, फिलिपिन्समध्ये ५०० मागे एकाच्या आसपास. आईला दोष देणाऱ्या सासूला हे सांगणं हाही उपचाराचाच भाग.

परदेशी पथकं हवीतच कशाला?

जिथे सर्जन आहेत तिथे नकोत. सॅम्युअल नूरडॉफ १९५९ मध्ये अमेरिकेतून तैवानला गेले आणि तिथेच चार दशकं राहिले. आज तैवानचं चांग गुंग रुग्णालय जगभरच्या सर्जनना दुभंगाचं काम शिकवतं. आपल्याकडचं उदाहरण पंढरपूरला जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित. न्यूयॉर्कहून दरवर्षी येऊन त्यांनी भारतात हजारो मोफत शस्त्रक्रिया केल्या, कर्करोगानं आवाज गेल्यावरही. महाराष्ट्रात भारतीय जैन संघटनेनं त्यांची शिबिरं भरवली. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या काळात जिल्ह्यात प्लास्टिक सर्जन मिळत नसे. आता परिस्थिती बदलली आहे, म्हणून शिबिराची जागा निवडताना आधी तिथल्या सर्जनना विचारा : तुम्हाला हात हवेत, यंत्रं हवीत, की फक्त भूलतज्ज्ञ?

महाराष्ट्रातल्या बाळासाठी शिबिराची वाट पाहावी का?

मुळीच नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच त्याची सुरुवात झाली) अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि त्याच्या यादीत दुभंगलेला ओठ व टाळू आहेत. अंगणवाडी किंवा आशाताईंमार्फत नोंद करा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयात जा. ‘स्माइल ट्रेन’शी जोडलेल्या रुग्णालयांतही वर्षभर मोफत शस्त्रक्रिया होतात.

देणगी देताना काय बघावं?

‘अमुक डॉलरमध्ये एक हसू’ हा आकडा बहुधा एका ओठापुरता असतो. त्यात टाळू, दात, स्पीच थेरपी आणि परतीचा प्रवास धरला आहे का ते विचारा. कित्येकदा कुटुंबाच्या बसभाड्याअभावीच उपचार अर्धवट राहतो, आणि त्यासाठी पैसे द्यायला कुणी पुढे येत नाही.

भारतातल्या संस्थेला द्यायचं असेल तर : भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयानं आपल्या बचतीतून दिलेली देणगी परकीय धरली जात नाही, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) असलं तरी, धरली जाते आणि ती एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. भारतात देणगीवर आयकरातली (८०-जी म्हणून ओळखली जाणारी) सवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका.